शुगर आटोक्यात होती, मग हार्ट अटॅक का आला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६२ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. अकरा वर्षांपासून डायबेटिस, पण एचबीएवनसी (गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) कधी सातच्या वर गेलं नाही. वजन ६४ किलो, चहासुद्धा बिनसाखरेचा, कोलेस्टेरॉल 'नॉर्मल'. तरी मागच्या महिन्यात अटॅक आला, दोन स्टेंट घालावे लागले, आणि डॉक्टर म्हणाले, 'शुगरमुळे.' शुगर आटोक्यात असताना शुगरमुळे कसं, आणि पेशींच्या आत नेमकं घडतं काय? सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलंय, तेव्हा फार सोपं करून सांगू नका, असंही तुम्ही बजावलंय. ठीक आहे, नाही करत. मग उत्तर लांबणार, एवढं धरून चाला.

'शुगरमुळे' हे डॉक्टरांचं म्हणणं चूक नाही, पण अर्धं आहे. ओपीडीबाहेर रांग लागलेली असताना यापेक्षा जास्त सांगणं जमतही नाही. टाइप २ डायबेटिसमध्ये रक्तातली साखर बरीच उशिरा वाढते. तिच्या कित्येक वर्षं आधी चरबीच्या पेशी, यकृत, स्नायू आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर अशा चार ठिकाणी बिघाड सुरू झालेला असतो. त्याच बिघाडातून एकीकडे डायबेटिस होतो आणि दुसरीकडे हृदयाच्या धमन्या खराब होत जातात. आपण साखर मोजतो, कारण ती मोजायला सोपी आणि स्वस्त आहे. म्हणून सगळा आजार तिच्याच नावावर जमा होतो.

याचा पुरावा पुष्कळदा घरच्या कपाटातच पडलेला असतो. अटॅक येऊन गेलेले पेशंट प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन येतात, तेव्हा मी त्यातला सगळ्यात जुना रिपोर्ट शोधतो. हर्नियाच्या ऑपरेशनआधी केलेला किंवा विम्यासाठी केलेला, डायबेटिस कळण्याच्याही आधीचा. त्यात उपाशीपोटीची साखर ९६ असते आणि तिच्यापुढे पेनानं बरोबरची खूण केलेली असते. त्याच पानावर खाली ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३०, एचडीएल (बोलीतलं 'चांगलं' कोलेस्टेरॉल) ३३, एसजीपीटी (यकृताची तपासणी) जरासं वाढलेलं. खूण साखरेला मिळाली आणि कागद पिशवीत गेला. १९९० मध्ये टेक्ससमधल्या सॅन अँटोनियो हार्ट स्टडीनं हेच मोठ्या प्रमाणावर दाखवलं होतं. ज्यांना पुढे डायबेटिस झाला त्यांचं बीपी, ट्रायग्लिसराइड आणि इन्शुलिन, साखर नॉर्मल असतानाच इतरांपेक्षा जास्त होतं आणि एचडीएल कमी होतं. वडिलांचे जुने कागद असतील तर एकदा काढून बघा.

इन्शुलिन जास्त, हे वाचून तुम्ही थबकला असाल. डायबेटिस म्हणजे इन्शुलिन कमी, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळं केलं तेव्हा सगळ्यांना तसंच वाटत होतं. पण १९३६ मध्ये लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थनं रुग्णांना एकाच वेळी ग्लुकोज पाजून इन्शुलिनही टोचलं, आणि त्याला दोन प्रकारचे लोक सापडले: इन्शुलिननं साखर रोखली जाणारे, आणि इन्शुलिनला दाद न देणारे. पुढे १९६० मध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्शुलिन नेमकं मोजण्याची पद्धत बसवली, तेव्हा प्रौढ वयात डायबेटिस झालेल्यांच्या रक्तात इन्शुलिन भरपूर आढळलं. म्हणजे इन्शुलिन दारापर्यंत पोचत होतं, दार उघडत नव्हतं.

ते का उघडत नाही, हे कळायला चरबीच्या पेशीपासून सुरुवात करावी लागते. चरबीच्या पेशीला आपण उगाच खलनायक ठरवलंय. जादा ऊर्जा ट्रायग्लिसराइडच्या रूपात सुरक्षित साठवणं हे तिचं काम, आणि ते ती करते तोवर सगळं ठीक चालतं. अडचण येते ती साठवायची ताकद संपल्यावर. कणगी भरली की उरलेलं धान्य जिथे जागा मिळेल तिथे ओतावं लागतं, तसं फॅटी ॲसिड मग यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात आणि हृदयाभोवती साचू लागतं. प्रत्येकाच्या कणगीचं माप वेगळं असतं. काही जण ११० किलोचे असून त्यांची साखर आणि ट्रायग्लिसराइड व्यवस्थित असतात. आणि ज्यांच्या शरीरात जन्मतःच त्वचेखालची चरबी फारशी तयार होत नाही, त्या लिपोडिस्ट्रॉफीच्या हडकुळ्या रुग्णांना अतिशय तीव्र डायबेटिस होतो. चरबी जास्त असणं हाच खरा प्रश्न असता, तर हे दुसरे रुग्ण सगळ्यात निरोगी निघाले असते.

वडिलांचं ६४ किलो वजन तुम्हाला निर्दोष वाटतंय, त्याचं उत्तर पुण्यातच शोधलं गेलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखे, आतून अगदी वेगळे. हे मोठेपणी खाण्यापिण्यानं होतं असंही नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी लहान होती, पण पाठीवरची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. बारीक दिसणारा, पण आतून चरबीदार असा हा देह आपल्याकडे जन्मापासूनच असू शकतो. म्हणून आपल्या माणसाच्या बाबतीत मी वजनापेक्षा कमरेच्या घेरावर विश्वास ठेवतो: पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८०. माप बेंबीजवळ टेप लावून घ्यायचं, पँटच्या नंबरावर जाऊ नका. पोट सुटलं तरी माणूस पँट त्याच्याखाली बांधतो आणि नंबर तोच राहतो.

आता स्नायूच्या पेशीत शिरू. इन्शुलिन पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटलं की रिसेप्टर आतल्या आयआरएस नावाच्या प्रथिनाच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लावतो. तिथून पीआय३-कायनेज, मग एकेटी, आणि एकेटीच्या हुकमानं पेशीच्या पोटात थांबलेल्या ग्लुट-४ च्या पिशव्या पृष्ठभागावर येतात. ग्लुट-४ म्हणजे ग्लुकोज आत घेणारा वाहक. पेशीत चरबी साचली की तिचे अर्धवट तुकडे, डायॲसिलग्लिसेरॉल आणि सेरामाइड, या साखळीत काठी घालतात. डायॲसिलग्लिसेरॉल प्रोटीन कायनेज सी चेतवतं आणि तो आयआरएसच्या भलत्याच जागी, सेरिनवर, फॉस्फेट लावतो. सेरामाइड थेट एकेटीला मंदावतं. यातला खरा दोषी कोणता, यावर संशोधकांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. माझ्या मते दोन्ही असावेत. पेशंटच्या दृष्टीनं फरक पडत नाही, कारण दोन्ही एकाच साठ्यातून येतात.

पुढचा भाग तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे, तेव्हा तो सावकाश वाचा. इन्शुलिनचा संदेश रिसेप्टरपासून दोन फाट्यांनी जातो. एक वर सांगितलेला पीआय३-कायनेज आणि एकेटीचा. दुसरा मॅप-कायनेजचा, पेशींची वाढ आणि विभाजन सांभाळणारा. इन्शुलिन रेझिस्टन्समध्ये, म्हणजे पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा झाल्यावर, दोन्ही फाटे सारखे बंद पडत नाहीत. पहिला अडतो, दुसरा चालू राहतो. १९९९-२००० च्या सुमारास हे आधी लठ्ठ उंदरांच्या रक्तवाहिन्यांत आणि मग डायबेटिसच्या रुग्णांच्या स्नायूंत दिसून आलं.

रक्तवाहिनीच्या अस्तरात, म्हणजे एंडोथेलियममध्ये, या दोन फाट्यांची कामं एकमेकांच्या उलट आहेत. एंडोथेलियम हा पेशींचा एकेरी थर. १९८० पर्यंत त्याला कोणी विचारत नव्हतं. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फर्चगॉटनं दाखवलं की सशाच्या धमनीच्या पट्ट्या ॲसिटिलकोलीन या रसायनानं सैल पडतात, पण तयार करताना आतलं अस्तर घासलं गेलं असेल तर अजिबात सैल पडत नाहीत, उलट आवळतात. अस्तरातून बाहेर पडणारं ते द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू निघाला, आणि १९९८ चं नोबेल त्यावर दिलं गेलं. नायट्रिक ऑक्साइड धमनी सैल ठेवतो, प्लेटलेट चिकटू देत नाही, पांढऱ्या पेशींना आत शिरू देत नाही. त्याला बनवणाऱ्या एन्झाइमला चेतवण्याचं एक काम एकेटी करतं, म्हणजे पहिला फाटा. दुसऱ्या फाट्यावरून एंडोथेलिन-१ तयार होतं, जे धमनी आवळतं.

आता जोडून बघा. स्नायू दाद देत नाहीत म्हणून स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं आणि साखर नॉर्मल ठेवतं. रिपोर्ट छान येतो. पण ते वाढलेलं इन्शुलिन अस्तराच्या पेशीवर पोचतं तेव्हा पहिला फाटा अडलेला असल्यानं नायट्रिक ऑक्साइड कमीच बनतो, आणि उघड्या राहिलेल्या दुसऱ्या फाट्यावरून आवळण्याचा आणि वाढीचा संदेश मात्र दुप्पट जोरानं जातो. म्हणजे साखर ९६ असण्याच्या त्या काळातही धमनी त्याची किंमत मोजत असते.

यकृतातही असाच दुटप्पी कारभार चालतो. ग्लुकोज बनवणं थांबव, हा इन्शुलिनचा हुकूम यकृत मानत नाही. चरबी बनव, हा हुकूम मात्र इमानेइतबारे पाळतं. मग उपाशीपोटीची साखरही वाढते आणि ट्रायग्लिसराइडनं भरलेले व्हीएलडीएल कणही रक्तात ओतले जातात. हे कण सीईटीपी नावाच्या प्रथिनामार्फत एलडीएल (बोलीतलं 'वाईट' कोलेस्टेरॉल नेणारे कण) आणि एचडीएलशी अदलाबदल करतात: आपलं ट्रायग्लिसराइड देतात, त्यांचं कोलेस्टेरॉल घेतात. त्यामुळे एचडीएल लवकर मोडून शरीराबाहेर जातं, आणि एलडीएलचे कण लहान, घट्ट आणि संख्येनं जास्त होतात.

'कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं' याचा उलगडा इथे होतो. लॅब मोजते ते एलडीएलमधल्या कोलेस्टेरॉलचं वजन. कण लहान असतील तर तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त कण मावतात, आणि धमनीच्या भिंतीत शिरतात ते कण. एलडीएल ११० असलेल्या दोन माणसांत कणांची संख्या खूप वेगळी असू शकते. एपोबी ही तपासणी थेट कण मोजते, कारण प्रत्येक कणावर एपोबीचा एकच रेणू असतो. ती जमत नसेल तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. फुकटात मिळणारा हा आकडा डायबेटिसमध्ये एलडीएलपेक्षा जास्त खरं बोलतो. वडिलांच्या जुन्या रिपोर्टवर हा हिशेब करून बघाच.

एवढं सगळं होईपर्यंत साखरेचा संबंध आलेलाच नाही. आता ती येते. स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी कित्येक वर्षं जादा इन्शुलिन पुरवून थकतात. इंग्लंडच्या यूकेपीडीएस या डायबेटिसवरच्या मोठ्या अभ्यासाच्या हिशेबानुसार निदान होतं त्या दिवशी त्यांची जवळपास निम्मी ताकद गेलेली असते. मग साखर चढते. स्नायूची पेशी ग्लुट-४ बाहेर न काढून स्वतःला वाचवते. एंडोथेलियमकडे ती सोय नाही. तिथे ग्लुट-१ असतो, तो इन्शुलिनला विचारत नाही, आणि रक्तात साखर वाढली तरी ही पेशी दार आवळून घेत नाही. रक्तात जेवढं ग्लुकोज, जवळपास तेवढं आत. डायबेटिसचा मार डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि रक्तवाहिन्या अशा ठरावीक जागीच का बसतो, याचं हे मोठं कारण.

आत शिरलेल्या त्या ग्लुकोजचं काय होतं, याची सगळ्यात चांगली मांडणी न्यूयॉर्कच्या मायकेल ब्राउनलीनं २००४ मध्ये केली. मायटोकाँड्रियावर, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांवर, इंधनाचा भार जास्त पडला की इलेक्ट्रॉनांची गळती होऊन सुपरऑक्साइड हा प्राणवायूचा घातक अवतार बनतो. सुपरऑक्साइडमुळे डीएनए तुटतो. तो दुरुस्त करायला पीएआरपी हे एन्झाइम जागं होतं, आणि त्या गडबडीत ग्लायकोलिसिसमधलं, म्हणजे ग्लुकोज मोडण्याच्या साखळीतलं, जीएपीडीएच हे एन्झाइम बंद पाडतं. पुढचा रस्ता बंद झाल्यावर मागे तुंबलेले पदार्थ चार आडवाटांनी निघतात: पॉलिओल, हेक्सोसामीन, प्रोटीन कायनेज सी आणि ग्लायकेशन. ही चारही नावं आधी पाठ्यपुस्तकांत चार वेगवेगळी कारणं म्हणून असायची. ब्राउनलीनं त्यांचं उगमस्थान एकच दाखवलं.

आणि त्यातली खोच पुढे आहे. मोठ्या धमन्यांच्या अस्तरात तेच सुपरऑक्साइड ग्लुकोजशिवायही बनतं. चरबीच्या पेशींतून सांडलेलं फॅटी ॲसिड या पेशी जाळतात, तेव्हा इलेक्ट्रॉनांची गळती तशीच होते. म्हणजे डोळ्यातल्या बारीक केशवाहिन्यांना मुख्यतः साखर मारते, आणि हृदयाच्या धमन्यांना साखर आणि फॅटी ॲसिड दोन्ही मिळून. साखर उतरवली की डोळे आणि मूत्रपिंड बरेच वाचतात, हृदय तितकं वाचत नाही. वडिलांचं नेमकं हेच झालं. नेत्रतज्ज्ञानं पडदा स्वच्छ सांगितला, असं तुम्ही लिहिलंय ना? त्यांनी जे सांभाळलं त्याचं फळ तिथे दिसतंय.

मोठ्या अभ्यासांतही हेच येतं. यूकेपीडीएसचे निकाल १९९८ मध्ये आले. कडक उपचारांच्या गटात एचबीएवनसी ७.०, नेहमीच्या गटात ७.९. बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी झाले, हार्ट अटॅक १६ टक्क्यांनी, आणि तोही फरक संख्याशास्त्राच्या निकषात जेमतेम बसेना. तो नीट सिद्ध व्हायला आणखी दहा वर्षं जावी लागली. दुसरीकडे २००८ मध्ये अमेरिकेच्या ॲकॉर्ड अभ्यासात एचबीएवनसी सहाच्या खाली नेण्याचा आटापिटा केला, तेव्हा त्या गटात मृत्यू २२ टक्क्यांनी जास्त झाले आणि तो भाग मध्येच थांबवावा लागला. तेव्हा आता घाबरून वडिलांचं एचबीएवनसी साडेपाचवर नेऊ नका. अटॅकनंतर वारंवार साखर खाली जाणं हृदयाला धोक्याचं असतं.

एचबीएवनसीबद्दल एक आठवण ठेवा. ते म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेलं ग्लुकोज, आणि लाल पेशी जगते सुमारे १२० दिवस. लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल तर ते खोटं जास्त दिसतं, लाल पेशी लवकर तुटत असतील तर खोटं कमी. आपल्याकडे दोन्ही सर्रास आढळतं. आणि ग्लुकोज जसं हिमोग्लोबिनला चिकटतं तसं धमनीच्या भिंतीतल्या कोलॅजेनलाही. पण कोलॅजेन तीन-चार महिन्यांत बदलत नाही. त्वचेतल्या कोलॅजेनचं अर्धायुष्य १५ वर्षांच्या आसपास आहे. त्यावर बसलेली साखर धागे एकमेकांना जखडते, भिंत ताठर होते, आणि आत आलेला एलडीएल कणही तिथेच अडकून पडतो.

अडकलेल्या कणापुढची गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटेल, कारण ती रोगप्रतिकारशक्तीची आहे. एलडीएल ऑक्सिडाइझ होतं, मॅक्रोफेज या भक्षक पेशी त्याला परका समजून गिळतात. एलडीएलच्या नेहमीच्या रिसेप्टरला पोट भरलं की थांबायचं कळतं. मॅक्रोफेजचा स्कॅव्हेंजर रिसेप्टर थांबत नाही. पेशी चरबीनं फेसाळते, मरते, आणि तिच्या अवशेषांवर ब्लॉक वाढतो. कोलेस्टेरॉलचे स्फटिक मॅक्रोफेजमधला एनएलआरपी३ इन्फ्लमॅसोम हा दाह पेटवणारा प्रथिनसमूह चेतवतात, त्यातून इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहाचा संदेश नेणारं प्रथिन सुटतं. हा दाह नुसता साक्षीदार नाही, हे २०१७ च्या कँटोस अभ्यासानं दाखवलं. अटॅक येऊन गेलेल्या लोकांत इंटरल्युकिन-१ बीटाला अडवणारी अँटीबॉडी दिली तेव्हा एलडीएल तसंच राहूनही पुढचे अटॅक, स्ट्रोक आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारानं होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. औषध फार महाग, जंतुसंसर्गाचा धोका वाढवणारं, त्यामुळे ते रोजच्या वापरात आलं नाही. पण मुद्दा सिद्ध झाला. बीटा पेशीलाही हेच इंटरल्युकिन मारतं, हा योगायोग नव्हे.

मॅक्रोफेजांना आठवणही असते. डायबेटिस झालेल्या उंदरांचा अस्थिमज्जा साखर नॉर्मल असलेल्या उंदरांत घातला, तर त्यांच्या धमन्यांत ब्लॉक जास्त होतात. चढ्या साखरेच्या काळात मज्जेतल्या पेशींच्या क्रोमॅटिनवर, म्हणजे प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएवर, झालेले बदल साखर उतरल्यावरही पुसले जात नाहीत. म्हणून निदानानंतरची पहिली काही वर्षं साखर नीट ठेवणं फार मोलाचं. तिथे 'अजून त्रास काहीच नाही' म्हणून चालढकल करणारे पुढे कितीही पथ्य पाळोत, जुनं खातं पूर्ण मिटत नाही.

या सगळ्याचं चित्र अँजिओग्राफीत दिसतं. डायबेटिस नसलेल्या विडी ओढणाऱ्याच्या धमनीत पुष्कळदा एखाद-दुसरा ठळक ब्लॉक असतो आणि बाकीची नळी चांगली जाड. डायबेटिसच्या रुग्णाची धमनी बऱ्याचदा सुरुवातीपासून टोकापर्यंत बारीक, कडा खडबडीत, शेवटच्या फांद्या दोऱ्यासारख्या. स्टेंट बसतो तो सगळ्यात वाईट दोन सेंटिमीटरवर. उरलेली नळी तीच राहते. तेव्हा 'दोन स्टेंट घातले, आता काम झालं' असं घरात कोणी म्हणत असेल तर त्यांना वडिलांच्या अँजिओग्राफीची सीडी दाखवा.

धमन्या सोडून हृदयाच्या स्नायूचाही स्वतंत्र हिशेब आहे. हृदय दिवसाला साधारण सहा किलो एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, बनवून वापरतं. नेहमी ६० ते ७० टक्के ऊर्जा फॅटी ॲसिडमधून येते, बाकी ग्लुकोज, लॅक्टेट वगैरेंतून, आणि प्राणवायू कमी पडला की हृदय ग्लुकोजकडे झुकतं, कारण त्यात प्रत्येक एटीपीमागे प्राणवायू कमी लागतो. इन्शुलिन रेझिस्टन्समध्ये ही अदलाबदल करण्याची मुभा जाते. हृदय जवळजवळ फक्त चरबीवर चालतं, जाळून उरलेली चरबी पेशीतच साचते, मधे तंतू वाढतात, आणि झडपा व धमन्या ठीक असूनही स्नायू ताठ होतो. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या शर्ली रुब्लर यांनी हार्ट फेल्युअरनं गेलेल्या चार डायबेटिक रुग्णांचं शवविच्छेदन मांडलं, ज्यांच्या मोठ्या धमन्यांत अडथळाच नव्हता. जिना चढताना धाप लागते आणि टू-डी एकोमध्ये पंपिंग ६० टक्के येतं, तेव्हा 'हृदय उत्तम आहे' म्हणून घरी पाठवलेले असे कितीतरी लोक असतात.

इथे एका औषधाचं नाव घ्यायलाच हवं. एसजीएलटी२ इनहिबिटर, म्हणजे एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन वगैरे, मूत्रातून साखर टाकतात. यांचा पूर्वज फ्लोरिझिन १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून काढला होता. २०१५ च्या एम्पा-रेग अभ्यासात डायबेटिस आणि हृदयविकार दोन्ही असलेल्या ७,०२० लोकांत हृदयविकारानं होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं ३५ टक्क्यांनी घटलं. एचबीएवनसीतला फरक मात्र अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर. साखरेतल्या एवढ्याशा फरकानं इतकं होत नाही. २०१९ मध्ये तर डायबेटिसच नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही या गटाचा फायदा झाला. मीठ-पाणी बाहेर जाणं, हृदयाला किटोनचं इंधन मिळणं, मूत्रपिंडावरचा दाब उतरणं, अशी कारणं सांगितली जातात. मला यातला मूत्रपिंडाचा वाटा सगळ्यात मोठा वाटतो. वडिलांना हे औषध चालू आहे का, नसेल तर का नाही, हे डॉक्टरांना जरूर विचारा. चालू असेल तर उलट्या-जुलाब, कडक उपास किंवा ऑपरेशन यांच्या वेळी ते थांबवायचं असतं, एवढं घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचंही तुम्ही विचारलंय, की कोलेस्टेरॉल नॉर्मल असताना ती कशाला, आणि तिच्यामुळे साखर वाढते म्हणतात ते खरं का. साखर किंचित वाढते, खरं आहे. पण २००४ च्या कार्ड्स अभ्यासात डायबेटिस असलेल्या, हृदयविकार नसलेल्या आणि एलडीएल फारसं चढलेलं नसलेल्या २,८३८ लोकांना ॲटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम किंवा नुसती खोटी गोळी दिली, तर हृदयाच्या मोठ्या घटना औषधाच्या गटात ३७ टक्क्यांनी घटल्या आणि अभ्यास दोन वर्षं आधीच थांबवला गेला. अटॅकनंतर तर एलडीएल ५५ च्या खाली ठेवतात. एक गोष्ट मात्र करू नका: व्हॉट्सॲपवर काहीतरी वाचून ही गोळी आपल्या मनानं बंद करणं. आमच्याकडे परत येणाऱ्या दुसऱ्या अटॅकांत हे कारण सतत भेटतं.

सगळी कलमं एकत्र हाताळली तर काय मिळतं, ते डेन्मार्कच्या स्टेनो-२ अभ्यासात आहे. फक्त १६० रुग्ण, मूत्रात अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन जाऊ लागलेले. निम्म्यांना साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, ॲस्पिरिन, आहार, व्यायाम असं सगळं एकदम कडक. साखरेचं उद्दिष्ट त्यातल्याही थोड्याच जणांना गाठता आलं. तरी २१ वर्षांनी बघितलं तर त्या गटाचं आयुष्य मध्यकाच्या हिशेबानं ७.९ वर्षांनी जास्त निघालं. डायबेटिसमधला माझा सगळ्यात आवडता अभ्यास हाच. त्यात एकही चमत्कारी औषध नाही.

वडिलांना अटॅकच्या वेळी छातीत दुखलं नाही, नुसता घाम आला आणि ॲसिडिटी वाटली, हेही तुम्ही लिहिलंय. हृदयाकडून वेदना नेणाऱ्या बारीक स्वायत्त नसा डायबेटिसमध्ये झिजतात, म्हणून असं होतं. यापुढे कारण नसताना दरदरून घाम, अचानक धाप, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थपणा आला तर सोडा-लिंबू पाजत बसू नका, सरळ ईसीजी काढायला न्या.

आता तुमचं स्वतःचं. तुमचं वय लिहिलेलं नाही, पण तिशी ओलांडली असेल तर कमरेचं माप, बीपी, उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल आणि एसजीपीटी एवढं करून घ्या, आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण), कारण ते आनुवंशिक असतं. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि एचडीएल ४० च्या खाली असेल, बाई असाल तर ५० च्या खाली, तर साखर ९६ आली तरी खूश होऊ नका. ग्लुट-४ बाहेर काढायचा एक रस्ता इन्शुलिनला वगळून जातो: स्नायू आकुंचन पावला की एएमपी-कायनेज आणि कॅल्शियमच्या मार्गानं तेच वाहक पृष्ठभागावर येतात. रेझिस्टन्स कितीही असो, हा रस्ता बराचसा शाबूत राहतो. रात्री जेवून लगेच टीव्हीपुढे बसण्याऐवजी १५ मिनिटं चाललात तर जेवणानंतरच्या साखरेत फरक ग्लुकोमीटरवर तुम्हालाच दिसेल. वडिलांनी मात्र किती चालायचं ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा, पहिले काही आठवडे तरी.

आणि पुढच्या भेटीला जाताना लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचा रिपोर्ट घेऊन जा. तुम्ही पाठवलेल्या तपासण्यांच्या यादीत तो एकदाही दिसला नाही. मूत्रपिंडाच्या गाळणीतलं एंडोथेलियम गळायला लागल्याची ती खूण असते, आणि तेच अस्तर हृदयाच्या धमन्यांतही आहे. आकडा ३० च्या वर आला तर बीपीच्या गोळ्या बदलाव्या लागतील.